बर्गंडीच्या द्राक्षगावात मुक्काम: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात दिजों शहरापासून दक्षिणेला सांतने गावापर्यंत टेकड्यांची एक बुटकी रांग जाते. तिच्या पूर्वेकडच्या उतारावर द्राक्षवेलींचा अरुंद पट्टा आहे. काही ठिकाणी तो इतका अरुंद की खालच्या रस्त्यापासून वरच्या झाडीपर्यंत चालत अर्धा तासही लागत नाही. जव्रे-शांबर्तां, व्हूजो, न्वी-सां-जॉर्ज, पोमार, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे ही सगळी याच पट्ट्यातली गावं. वाइनच्या बाटलीवर ही नावं कितीही दिमाखात मिरवोत, गावात मात्र एक चर्च, असलीच तर एक बेकरी आणि शेतकऱ्यांची दगडी घरं एवढंच असतं. हॉटेलं मुख्यतः बोन आणि दिजों या शहरांत. सकाळी खिडकी उघडल्यावर समोर वेली हव्या असतील, तर गावातल्या एखाद्या घरात उतरावं लागतं.

अशा घरात नवख्यांचं जे बिनसतं, ते बहुतेक वेळेवरून बिनसतं. घराला रिसेप्शन नाही, रात्रपाळीचा माणूस नाही, चोवीस तास चहा नाही. दुकान बारा-साडेबाराला बंद होतं, स्वयंपाकघर दुपारी दोनला बंद होतं, आणि यजमानीण बाईंनी ‘पाच ते सात घरी आहे’ म्हटलं की सातनंतर त्यांचा स्वतःचा दिवस सुरू होतो. पुढची सगळी माहिती या घड्याळाच्या अनुषंगाने वाचावी.

आधी घराचा प्रकार ठरवा

‘शांब्र दोत’ म्हणजे यजमान स्वतः राहतात त्या घरातली खोली. फ्रेंच नियमांनुसार एका घरात अशा जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ पाहुणे. चादरी, टॉवेल आणि न्याहारी भाड्यातच धरलेली असते. स्वयंपाकघर यजमानांचं, त्यात आपल्याला प्रवेश नाही असंच समजावं. बोनच्या आसपास दोघांच्या खोलीला रात्रीचे साधारण ९० ते १५० युरो पडतात.

‘जीत’ म्हणजे स्वयंपाकघरासह अख्खं स्वतंत्र घर. ते बहुधा आठवड्याच्या बोलीवर, शनिवार ते शनिवार देतात; हंगाम नसेल तेव्हा तीन-चार रात्रींनाही मिळतं. चादरींचे आणि शेवटच्या साफसफाईचे पैसे बऱ्याचदा वेगळे, शिवाय अनामत रक्कम.

दोघंच जण, चार-पाच रात्री, आणि तिथली माणसं भेटावीत अशी इच्छा असेल तर शांब्र दोत घ्या. सोबत लहान मुलं, आजी-आजोबा किंवा काटेकोर शाकाहारी मंडळी असतील तर जीत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तर दुसरा विचारच करू नये.

घरांवर ‘जीत द फ्रांस’ची पाटी दिसेल. १९५५ पासून चालत आलेली ही संस्था घरांना तारे न देता गव्हाच्या ओंब्या देते, एक ते पाच. या ओंब्या सोयींच्या असतात, अगत्याच्या नाहीत. तीन ओंब्यांच्या घरात उत्तम मुरंबा आणि पाच ओंब्यांच्या घरात नुसता मोठा टीव्ही, असं होऊ शकतं.

गाव निवडताना नकाशात एक रस्ता शोधा

उताराच्या पायथ्याने डी ९७४ हा मोठा रस्ता जातो. त्यावरून ट्रक धावतात. घर या रस्त्यालगत असेल तर भाडं कमी असतं, आणि का कमी असतं ते पहिल्याच रात्री कळतं. रस्त्याच्या वरच्या अंगाला, चर्चच्या जवळपास घर पाहा. मात्र काही गावांत चर्चची घंटा रात्रभर तासाचे टोले देते. झोप सावध असेल तर हे आधीच विचारून घ्या.

गाडी नसेल तर बोन किंवा न्वी-सां-जॉर्ज बरं, कारण स्टेशन आणि दुकानं पायी अंतरावर मिळतात. मर्सोलाही लोकल गाडी थांबते, पण स्टेशन गावाच्या मध्यापासून चांगलंच खाली आहे. बॅगा ओढत चढ चढायची तयारी ठेवा, नाहीतर यजमानांना न्यायला येता का म्हणून विचारा. पुष्कळ जण येतात.

गाडी असेल तर उताराच्या मागच्या डोंगराळ भागात जा. त्याला ‘ओत-कोत’ म्हणतात. सां-रोमां, नोले, ला रोशपो ही गावं त्या बाजूची. खोल्या स्वस्त, रात्री शांतता, आणि बोन गाडीने अर्ध्या तासाच्या आत.

कोणत्या महिन्यात जावं

जानेवारी-फेब्रुवारीत कित्येक घरं बंदच असतात. एप्रिलमध्ये कोवळ्या फुटींना हिमाचा धोका असतो. थंडी पडणार असं दिसलं की शेतकरी पहाटे वेलींच्या रांगांमध्ये मोठ्या मेणबत्त्यांचे डबे पेटवतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभर तसं हिम पडलं होतं. एप्रिलमध्ये मध्यरात्री गावात ट्रॅक्टर फिरले आणि सकाळी हवेत धूर दिसला तर घाबरायचं कारण नाही.

मे ते जुलैमध्ये दिवस लांब आणि वेली हिरव्यागार. याच काळात फवारणी चालते, आणि ती भल्या पहाटे सुरू होते. नाशिक-सांगलीच्या मांडवाखालून चालायची सवय असलेल्यांना इथली वेल बघून गंमत वाटेल. ती जेमतेम कमरेपर्यंत येते, एकमेकींपासून मीटरभर अंतरावर उभी असते, हेक्टरी १०,००० पर्यंत. रांगेत शिरायला यंत्राला जागा नाही, म्हणून उंच पायांचा ट्रॅक्टर अख्खी रांग पोटाखाली घेऊन जातो. तो आवाज करतो. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या होतात, इथे हिवाळ्यात एकच.

फुलोरा आला की त्यापुढे साधारण शंभर दिवसांनी तोडणी, असा इथला जुना ठोकताळा आहे. म्हणजे सहसा सप्टेंबर. अलीकडच्या उष्ण वर्षांत ऑगस्टअखेरीसच सुरू होते. तोडणी बघायला सगळेच उत्सुक असतात, पण पहिल्या भेटीसाठी हा काळ चुकीचा. खोल्या भरलेल्या असतात, वाइन करणाऱ्या कुटुंबाला मान वर करायला फुरसत नसते, तळघरं पाहुण्यांना बंद. त्याऐवजी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा. पानं पिवळी पडलेली असतात, आणि माणसं मोकळी झालेली असतात.

नोव्हेंबरचा तिसरा रविवार मात्र टाळाच. त्या दिवशी ओस्पिस द बोन या जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव होतो. १८५९ पासूनची प्रथा, आणि जगभरचे व्यापारी त्यासाठी येतात. आसपासच्या खोल्या कित्येक महिने आधी गेलेल्या असतात, भाडंही त्या मानाने.

वार पण बघा. शनिवारी रात्री पोचलात तर पुढे रविवार: सकाळी बेकरी उघडी, दुपारनंतर सगळं सामसूम, आणि सोमवारी बरीच रेस्टॉरंटं बंद. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवशी पोचावं. शनिवारीच जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत बोनला पोचा, तिथला मोठा आठवडी बाजार शनिवारी सकाळचाच असतो.

बुकिंग, विसार आणि व्हिसाची कागदं

घराला थेट ईमेल करायचा असेल तर फ्रेंचमध्ये करा. मोबाइलवरचं भाषांतर पुरेसं असतं. पहिल्याच पत्रात पाच गोष्टी लिहा: तारखा, माणसं (मुलांच्या वयासह), पोचायची अंदाजे वेळ, काय खात नाही, आणि पैसे कसे भरणार. वीकेंडला पुष्कळ घरं किमान दोन रात्रींची अट घालतात.

मग विसार मागितला जातो, बहुधा २५ ते ३० टक्के. इथे दोन फ्रेंच शब्दांतला फरक खिशाला लागतो. विसार ‘आर’ म्हणून घेतला असेल आणि तुम्ही रद्द केलंत, तर तेवढी रक्कम गेली, विषय संपला. यजमानांनी रद्द केलं तर त्यांना दुप्पट परत द्यावी लागते. ‘आकोंत’ म्हणून घेतला असेल तर तो पक्का करार. रद्द केलंत तरी ते उरलेले पैसे मागू शकतात. पावतीत कोणता शब्द आहे ते बघूनच पैसे पाठवा. भारतातून बँकेमार्फत ६० युरो पाठवायचे म्हटले तर बँकेचंच शुल्क जड होतं, म्हणून कार्डाने किंवा बुकिंगच्या साइटवरून भरता येईल का ते विचारा. उरलेली रक्कम रोख द्यायची तयारी ठेवा. कार्डाचं यंत्र नसलेली घरं बरीच आहेत.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मुक्कामाच्या पुराव्यासाठी यजमानांकडून रीतसर पत्र मागवा: पासपोर्टवर आहेत तशीच सर्वांची पूर्ण नावं, घराचा पत्ता, दूरध्वनी, येण्या-जाण्याच्या तारखा, भरलेली रक्कम. ‘तुमची खोली ठेवली आहे, या’ असा गोड ईमेल अर्जाला जोडून उपयोग नाही. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि बुकिंगवर सासरचं, हा घोळ आपल्याकडे हमखास होतो.

पोचणं

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून टीजीव्ही ही अतिवेगवान रेल्वे दिजोंला साधारण एक तास चाळीस मिनिटांत नेते. तिथून ‘तेर’ ही लोकल गाडी वीस-पंचवीस मिनिटांत बोनला. पॅरिसहून थेट बोनला जाणाऱ्या टीजीव्ही मोजक्याच. टीजीव्हीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, पण विमान त्याच दिवशी उतरणार असेल तर विमान आणि रेल्वे यांच्यात किमान चार तास ठेवा. विमानतळ पॅरिसच्या एका टोकाला आहे, स्टेशन शहराच्या आत.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्यापूर्वीच काढा. मूळ लायसन्सही बरोबर लागतं. ऑटोमॅटिक गाडी वेगळी सांगून ठेवावी लागते आणि महाग पडते. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची हे सगळ्यांना माहीत असतं. अपघात दुसऱ्याच नियमाने होतात. चौकात वेगळी पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग ती गल्ली कितीही बारीक असो. जुन्या गावांत घरांच्या भिंती थेट रस्त्याला टेकलेल्या असतात, उजवीकडचं काही दिसत नाही, आणि तिथला माणूस हक्काने गाडी पुढे काढतो. गावात वेगमर्यादा ५० किंवा ३०.

दारूची मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. चव घ्यायला जाणार त्या दिवशी गाडी चालवणारा एक जण आधीच ठरवा. संध्याकाळी गावात टॅक्सी आयत्या वेळी मिळत नाही.

पोचायची वेळ बहुधा ५ ते ७. उशीर होतोय असं दिसलं की तासभर आधी फोन किंवा मेसेज करा.

पहिला तास: कुलूप, झडपा आणि गरम पाणी

दार उघडल्यावर पहिला शब्द ‘बोंजूर मादाम’ किंवा ‘बोंजूर मस्यू’. बेकरीत, बाजारात, तळघरात, सगळीकडे हाच नियम. तो शब्द न उच्चारता थेट कामाचं बोलणं इथे उद्धटपणाचं धरतात.

परदेशी पाहुण्यांना एक पोलिसी फॉर्म भरावा लागतो: नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, राष्ट्रीयत्व, घरचा पत्ता, तारखा. हा फॉर्म यजमानांना सहा महिने जपून ठेवावा लागतो, त्यामुळे पासपोर्ट मागितला तर संशय घेऊ नका. भाड्यावर ‘ताक्स द सेजूर’ हा मुक्कामकर माणशी, दर रात्रीचा वेगळा लागतो. अठरा वर्षांखालच्यांना तो माफ.

मग किल्ली. फ्रेंच दारांची बरीच कुलपं अशी असतात की आधी मूठ वर उचलायची, कडक असा आवाज येतो, आणि मगच किल्ली फिरते. नुसती किल्ली फिरवत बसलात तर दार लागत नाही, आणि जोर केलात तर किल्ली वाकते. यजमानांसमोरच दोनदा करून बघा.

खिडकीला बाहेरून लाकडी झडपा. त्या उघडून भिंतीला टेकवल्या की एका छोट्या लोखंडी खिटीने अडकवायच्या. जुन्या घरांत ही खिटी चक्क बाईच्या डोक्याच्या आकाराची असते, ‘मेंढपाळणीचं डोकं’ म्हणतात तिला. डोकं वर उभं केलं की झडप अडकते, खाली लोंबकळलं की सुटते. झडप तशीच मोकळी सोडलीत तर वाऱ्याने रात्रभर आपटते, आणि न्याहारीच्या टेबलावर सगळे तुमच्याकडे बघतात. एसी सहसा नाही, पंखाही नसतो. जुलैच्या उन्हात सकाळी नऊलाच झडपा लावून घ्यायच्या आणि सूर्य कलल्यावर उघडायच्या. जाड दगडी भिंती बाकीचं काम करतात. खिडक्यांना डासांची जाळी नसते, म्हणून दिवा लावायच्या आधी खिडकी लावा.

गरम पाणी टाकीतलं असतं, आणि टाकी बहुधा रात्रीच्या स्वस्त विजेवर तापते. एकदा संपली की परत तापायला काही तास जातात. चौघांनी सकाळी ओळीने आंघोळ केली तर चौथ्याला गार पाणी. दोघांनी रात्रीच उरकून घ्यावं. बादली-तांब्या नाही, आणि बाथरूमच्या सगळ्या जमिनीवर पाणी सोडायचं नाही. खाली लाकडी तक्तपोशी असते, पाणी झिरपून खालच्या खोलीच्या छताला डाग पडतो. संडासात पाण्याची फवारणी नसते. लहान प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. गावातली कित्येक घरं स्वतःच्या मैलाटाकीवर चालतात, त्यामुळे कागदाखेरीज काहीही आत टाकू नका. ओले टिश्यू (वेट वाइप्स) तर मुळीच नाहीत.

आपल्या मोबाइलचे दोन पिनांचे बारीक चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतात. लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग बसत नाही. सॉकेटमधूनच अर्थिंगची एक पिन बाहेर आलेली असते. अडॅप्टर इथूनच न्या.

जिना अरुंद आणि चढा असतो, लिफ्ट नसते. गुडघेदुखी असेल तर तळमजल्याची खोली बुकिंगच्या वेळीच मागा.

न्याहारी आणि रात्रीची पंगत

न्याहारी साधारण ८ ते १०. पाव, लोणी, घरचा मुरंबा, क्रुआसाँ, दही, फळ, कॉफी. गोडच असते सगळी. अंडं हवं तर आदल्या रात्री सांगा, तिखटाची आशा करू नका. सकाळी सातला निघायचं असेल तर तेही आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण पाव ताजा आणायचा असतो.

काही घरांत ‘ताब्ल दोत’ म्हणजे रात्रीचं जेवणही मिळतं. हे फक्त त्या घरात उतरलेल्यांसाठी असतं. एकच बेत, एकच टेबल, आणि यजमान बहुधा आपल्याबरोबरच जेवायला बसतात. माणशी ३० ते ४५ युरो, त्यात बहुतेकदा वाइन आलीच. निदान एक दिवस आधी सांगावं लागतं. साडेसातला ‘कीर’ने सुरुवात होते: आलिगोते नावाची आंबटसर पांढरी वाइन आणि त्यात काळ्या करवंदासारख्या दिसणाऱ्या कासिस फळाचं गोड मद्य. हे नाव दिजोंचे महापौर फेलिक्स कीर यांच्यावरून पडलं. जेवण साडेदहापर्यंत चालतं. आपल्या पंगतीसारखंच: सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय आणि यजमानांनी सुरुवात केल्याशिवाय कोणी घास घेत नाही.

चीज गोडाच्या आधी येतं, आणि थाळी एकदाच फिरते. दोन-तीन प्रकारांचे छोटे तुकडे एका दमात घ्यावेत, कारण परत मागत नाहीत. त्रिकोणी तुकड्याचं टोक कापून घ्यायचं नाही, बाजूने लांबट काप घ्यायचा. सगळ्यात चांगला भाग टोकाला असतो, आणि तो एकट्याने पळवला असं होतं. पाव ताटलीत न ठेवता शेजारी टेबलावरच ठेवतात.

शाकाहारी लोकांसाठी: ‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढं सांगून भागत नाही. त्यात मासे चालतात असं समजणारे आहेत, आणि लार्दों नावाचे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे तर चवीपुरते सगळीकडे पडतात. त्यामुळे एकेक नाव घेऊन सांगा: मांस नाही, मासा नाही, कोंबडी नाही, लार्दों नाही, मांसाचा रस्सा नाही. अंडं चालतं की नाही तेही सांगा, कारण बर्गंडीत पाहुण्यांपुढे पहिल्यांदा येणारे ‘गुजेर’ हे चीजचे फुगे अंड्याशिवाय होत नाहीत. एपवासचं प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने बनतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पारंपरिक फ्रेंच चीज जवळजवळ सगळंच सोडावं. वाइन घेत नसाल तर पाणी मागा. कोणी आग्रह करत नाही.

तळघरात

वाइन करणाऱ्या घराला ‘दोमेन’ म्हणतात. नाशिकला वायनरीत जाऊन काउंटरवर पैसे भरून चव घेतात तसं इथल्या लहान दोमेनमध्ये नसतं. ते शेतकऱ्याचं घर आहे, दाराला पाटीही नसेल. दोन-तीन आठवडे आधी वेळ घ्यावी लागते. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे आपल्या यजमानांना फोन करायला सांगणं. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि परक्याच्या ईमेलला न मिळणारं उत्तर शेजारणीच्या फोनला लगेच मिळतं. दिवसाला दोन भेटी पुरे, सकाळी १० आणि दुपारी ३. बारा ते दोन कोणी दार उघडत नाही. येणं जमणार नसेल तर कळवा, कारण फटका त्या यजमानीण बाईंच्या शब्दाला बसतो. वेळ मिळाली नाही तर बोनमधल्या वाइन व्यापाऱ्यांची तळघरं आहेत, तिथे पैसे भरून चव घेता येते.

जाताना अत्तर लावू नका. तळघरात साधारण १२-१३ अंश तापमान असतं, बाहेर कितीही ऊन असो, स्वेटर न्या. पिंपं २२८ लिटरची, एकेका पिंपातून सुमारे ३०० बाटल्या निघतात. काचेच्या लांब नळीने पिंपातून वाइन काढून पेल्यात घालतात. बर्गंडीत बऱ्याच ठिकाणी आधी तांबडी आणि नंतर पांढरी चाखायला देतात. बाकी जगाच्या उलट वाटतं खरं, पण इथली पांढरी वाइन इतकी भरदार असते की तिच्यानंतर पिनो न्वार द्राक्षाची नाजूक तांबडी वाइन जिभेला लागत नाही. पेला दांड्याला धरा. चव घेऊन पिकदाणीत थुंका. यात संकोच नको, घरधनी स्वतः तेच करतो. पिंपातल्या नमुन्याचा उरलेला घोट काही जण परत पिंपात ओततात. म्हणून पेल्यात उरलेलं कुठे टाकायचं ते त्यांच्याकडे बघून ठरवा.

चवीचे पैसे घेतले नसतील तर एक-दोन बाटल्या घेणं रीतीचं. सगळ्यात महाग घ्यायची गरज नाही. इथे चार पायऱ्या आहेत: नुसतं ‘बुर्गोन्य’, मग गावाचं नाव, मग ‘प्रमिए क्र्यू’, आणि सगळ्यात वर ‘ग्रां क्र्यू’; हे वरच्या पायरीचे एकूण ३३. द्राक्ष तेच, मालकही कदाचित तोच. बदलतं ते उतारावरचं ठिकाण. मधल्या उताराला निचरा आणि ऊन दोन्ही, पायथ्याला माती जड. या नेमक्या आखलेल्या तुकड्यांना ‘क्लिमा’ म्हणतात. असे १,२४७ तुकडे २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेले.

नवखा फसतो तो नावाच्या जोडीला. जव्रे गावाने १८४७ मध्ये आपल्या सर्वांत नामांकित मळ्याचं नाव स्वतःला जोडून घेतलं, प्युलिन्यी आणि शासान्य या गावांनी १८७९ मध्ये तेच केलं. त्यामुळे बाटलीवर ‘प्युलिन्यी-मोंराशे’ दिसलं म्हणजे ती मोंराशे नव्हे. मोंराशे हा जेमतेम ८ हेक्टरचा मळा आहे, आणि त्या बाटलीची किंमत ऐकून परतीचं विमान डोळ्यांपुढे येतं. साधा आलिगोते किंवा साधा बुर्गोन्य त्याच घरातून घ्या, त्याच हातांनी केलेला असतो.

वेलींमधून चालायचं असेल तर सिमेंटच्या शेतरस्त्यांवरून चाला, रांगांत शिरू नका. घड तोडायचा नाही, एक मणीसुद्धा नाही. बोनहून पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी करत सांतनेला जाणारा ‘व्व्हा दे व्हिन्य’ हा सायकलरस्ता सुमारे २२ किलोमीटरचा आहे. वाटेत सावली जवळजवळ नाही, माणशी दीड लिटर पाणी धरा. बॅटरीची सायकल घेतलीत तर चढ जाणवत नाही. पावसाचा दिवस निघाला तर बोनमधलं ओस्पिस बघा. निकोला रोलां यांनी १४४३ मध्ये गरिबांसाठी स्थापन केलेलं हे रुग्णालय १९७१ पर्यंत चालू होतं.

जीत घेतलं असेल तर

ताबा घेताना वीजमीटरचा आकडा आणि आधीपासूनच्या ओरखड्यांचे फोटो काढा. अनामत परत मिळताना हेच कामी येतात. शेगडी बहुधा इंडक्शनची असते, आणि त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच कुकर न्या. मार्च २०१५ पासून फ्रान्समध्ये घरोघरी धुराचा भोंगा सक्तीचा आहे. फोडणी करताना मोहरी तडतडायच्या आधी खिडकी उघडा आणि जिन्याकडचं दार लावून घ्या. भोंगा वाजलाच तर तो भिंतीवरून उपटू नका, टॉवेलने वारा घाला.

भारतातून दूध आणि मांसाचा कोणताही पदार्थ युरोपात नेता येत नाही. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड, काहीच नाही. आंबे, हिरव्या मिरच्या आणि ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय नाही. मसाले, डाळी, पोहे न्या. यजमानांना भेट द्यायची तर गूळ-शेंगदाण्याची चिक्की, काजू किंवा चांगला चहा.

निघताना

खोली सकाळी दहा-साडेदहापर्यंत सोडायची असते. हिशेब आदल्या संध्याकाळीच मिटवा. बिछान्याच्या चादरी काढून ठेवायच्या की तशाच, ते विचारून घ्या. काचेच्या बाटल्या घरातल्या कचऱ्यात टाकत नाहीत, त्यांच्यासाठी गावात वेगळी मोठी पेटी असते.

विकत घेतलेल्या बाटल्या केबिन बॅगेत चालत नाहीत, त्या मोठ्या बॅगेत जातात. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची असते, वजनाचा हिशेब तिथेच करा. प्रत्येक बाटली मोज्यात, मग जीन्समध्ये, आणि बॅगेच्या मधोमध ठेवा, चाकांच्या बाजूला नको. भारतात प्रौढ माणशी २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तीन म्हणजे सव्वादोन, आणि ती वरची पाव लिटर कस्टमच्या डोळ्यांत येते. दोन मोठ्या आणि एक ३७५ ची अर्धी बाटली घेतलीत तर १.८७५ लिटर होतात. लहान दोमेनमध्ये अर्ध्या बाटल्या असतातच असं नाही, पण बोनच्या दुकानांत विचारा. तिसरी पूर्ण बाटली आणायचीच असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन शुल्क भरा, आणि बिल हातात ठेवा.